शिल्लक तेलाची वसुली

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला हमरस्ता यवत आणि वरवंड मागे टाकून पाटस गावी पोहोचतो, तेथे बारामतीकडे जाणारी वाट त्यातून फुटते, आणि वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी याच वाटेने रोटीचा घाट चढून उंडवडीच्या मुक्कामाला जाते. जुन्या दप्तरांत ज्याची नोंद भीमथडी अशी होई त्या या मुलखात, १८७९ साली पुऱ्या झालेल्या खडकवासल्याच्या तलावाचे पाणी कालव्याने खेळू लागल्यावर उसाचे मळे वाढले, उसामागून गुऱ्हाळे आली, आणि सहकाराच्या अमदानीत पाटसच्या शिवारात भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. येथे विहीर खणू लागणाऱ्यास प्रथम काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि अखेर सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण लागतो. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेल्या लाव्हारसाचा आहे. पश्चिमेस तो सह्याद्रीच्या कड्याशी तुटतो, कोकणात उतरतो आणि समुद्राखाली जातो. आणि मुंबईसमोरच्या समुद्रखोऱ्यात बहुतांशी याच कातळाच्या पाठीवर पुढील कोट्यवधी वर्षांत गाळाचे व चुनखडकाचे जे थर बसले, त्यांतील चुनखडकात मुंबई हायचे तेल सापडले. पाटसच्या भूमीत तेल नाही आणि ते निघण्याचा संभवही नाही. तथापि भूगर्भात अडकून राहिलेले तेल कार्बन डायऑक्साइड वायू सोडून बाहेर काढण्याची जी विद्या गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत सिद्ध झाली, तिचे मर्म समजून घेण्यास या गावाइतके सोयीचे ठिकाण दुसरे क्वचितच असेल.

गळिताच्या हंगामात गव्हाणीत पडलेला ऊस सुऱ्यांखाली तुकडे होऊन पहिल्या मिलच्या रोलरांतून गेला, की रसाचा मोठा वाटा तेथेच गळतो; परंतु पलीकडे पडलेले चिपाड मुठीत धरले तर तळहात अजून चिकट होतो, कारण तंतूंच्या आड राहिलेला रस नुसत्या दाबाने सुटत नाही. म्हणून शेवटच्या मिलपाशी चिपाडावर गरम पाणी शिंपडतात, त्या पाण्याबरोबर उतरलेला पातळ रस मागच्या मिलच्या चिपाडावर घेतात, आणि असे करीत करीत साखरेचा अंश वसूल करतात. भूगर्भातील तेलाचेही असेच आहे. पाताळात तेलाचे तळे असते ही समजूत चुकीची असून, ते वालुकाश्माच्या वा चुनखडकाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रंध्रांत भरलेले असते. विहीर खोदताच साठ्याचा अंगचा दाब काही तेल आपण होऊन वर ढकलतो. तो दाब ओसरला म्हणजे बाजूच्या विहिरींतून पाणी दाबून तेल पुढे रेटावे लागते. आणि एवढे करूनही मूळ साठ्याचा निम्म्याहून अधिक, पुष्कळदा दोन-तृतीयांश भाग पाषाणातच राहतो, हा जगभरच्या तेलक्षेत्रांचा अनुभव आहे. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत. पाणी रुंद वाटांनी निघून जाते आणि अरुंद रंध्रांत तेलाचे थेंब पृष्ठताणाने जखडून राहतात. अशा थेंबांना सोडवायचे तर दाबापेक्षा निराळे काही हवे, तेलात विरघळेल आणि तेलाला विरघळवील असे द्रव्य हवे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीत अवघ्या सत्तर फुटांच्या आसपास तेल लागले ते १८५९ च्या ऑगस्टात. आणि जवळपास त्याच सुमारास पुण्याहून पूर्वेस पाटस-दौंडच्या बाजूने आगगाडीचे रूळ पुढे सरकत होते. त्या काळी विहीर आटली की ती सोडून शेजारी दुसरी खणावी, हाच तेलधंद्याचा शिरस्ता होता. त्याच प्रांतातील ब्रॅडफर्डच्या तेलक्षेत्रात, पडीक विहिरींतून वरचे पाणी खालच्या तेलथरात झिरपले असता आसपासच्या विहिरींचे तेल वाढते असे लोकांच्या ध्यानी आले. तेलथरात पाणी जाऊ देणे कायद्याने निषिद्ध असल्यामुळे हा प्रकार कित्येक वर्षे चोरून चालला, आणि १९२१ मध्ये सरकारने तो कायदेशीर केला. पाण्याची ही युक्ती अपघाताने सापडली. वायूची युक्ती मात्र प्रयोगशाळेत जन्माला आली, आणि तिच्या मुळाशी असलेले शास्त्र त्याही पूर्वीचे आहे.

बेलफास्टचे रसायनवेत्ते थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये असे दाखवून दिले की, कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर दाब देऊन त्याचा द्रव करता येतो, परंतु त्याहून अधिक उष्ण असेल तर कितीही दाब दिला तरी वायू व द्रव यांच्यातील सीमारेषा दिसतच नाही. म्हणजे चैत्र-वैशाखातील पाटसच्या दुपारी हा वायू नळीत भरून कितीही दाबला तरी त्याचा निथळ द्रव होणार नाही. पण वातावरणाच्या सुमारे त्र्याहत्तर पटींहून अधिक दाबाखाली तो अशा विलक्षण अवस्थेत जातो, की दाटपणा द्रवासारखा आणि रंध्रांत शिरण्याचे चापल्य वायूसारखे. हजार-दोन हजार मीटर खोलीवर उष्णता आणि दाब या सीमांच्या पुष्कळ पलीकडे असतात. तेथे पोहोचलेला कार्बन डायऑक्साइड तेलात मुरतो, तेल फुगते, पातळ होते, त्यातील हलके घटक वायूत उतरतात, आणि दाब पुरेसा असेल तर अखेरीस दोघांमधील भेद नाहीसा होऊन एकच प्रवाह बनतो. पृष्ठताण उरला नाही म्हणजे थेंबाला जखडून ठेवणारी शक्तीही उरत नाही.

हे घडण्यास लागणारा किमान दाब काढण्याची जी रीत या विद्येत रूढ झाली ती मोठी पाहण्याजोगी आहे. बोटाहून बारीक आणि दहा-वीस मीटर लांब अशी पोलादी नळी वेटोळे करून घेतात, तिच्यात बारीक वाळू ठासतात, वाळू साठ्यातील तेलाने भिजवतात, आणि सगळे वेटोळे साठ्याइतक्याच उष्णतेच्या भट्टीत ठेवून एका तोंडातून कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत सोडतात. दुसऱ्या तोंडाशी जाड काचेची खिडकी असते. दाब कमी असेल तर त्या खिडकीतून थोडे काळे तेल येते आणि लगेच बुडबुडे दिसू लागतात, म्हणजे वायू तेलाला ओलांडून निघून गेलेला असतो. दाब वाढवीत वाढवीत प्रयोग पुन्हा पुन्हा केला म्हणजे एक वेळ अशी येते, की काळ्या तेलामागून तपकिरी, तपकिरीमागून मधासारखा पिवळा, आणि पिवळ्यामागून जवळजवळ निर्वर्ण असा प्रवाह येतो, मध्ये कोठेही रेघ दिसत नाही, आणि वाळूतील तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग बाहेर पडलेला असतो. प्रत्यक्ष साठ्यात एवढी वसुली कधीच होत नाही, कारण खडक वाळूसारखा एकजिनसी नसतो आणि वायू मोकळी वाट शोधून पळतो. मूळ तेलाच्या पाच ते पंधरा टक्के अधिक तेल हाती आले तरी तो प्रयत्न सफल समजतात. पळणाऱ्या वायूला आवरण्यासाठी आलटून पालटून पाणी व वायू सोडण्याची रीत पुढे सर्वत्र रूढ झाली.

अमेरिकेतील अटलांटिक रिफायनिंग कंपनीच्या व्हॉर्टन, ब्राउन्सकोम्ब आणि डाइज या तिघा संशोधकांना कार्बन डायऑक्साइडच्या साह्याने तेल काढण्याच्या पद्धतीचे एकस्व १९५२ च्या डिसेंबरात मिळाले. १९६४ मध्ये टेक्ससमधील मीड-स्ट्रॉन क्षेत्रात चाचणी झाली. परंतु या विद्येला धंद्याचे रूप आले ते १९७२ च्या जानेवारीत, पश्चिम टेक्ससमधील स्करी परगण्यात. तेथील केली-स्नायडर हे १९४८ मध्ये सापडलेले चुनखडकाचे विशाल क्षेत्र. त्याचा दाब झपाट्याने उतरला, मग पाणी दाबणे सुरू झाले, आणि तरीही प्रचंड तेल मागे राहणार हे स्पष्ट झाल्यावर अनेक मालकांनी एकत्र येऊन जो सॅक्रॉक या आद्याक्षरी नावाने ओळखला जाणारा संयुक्त कारभार चालविला होता, त्याने वायूचा मार्ग धरला. वायू आला कोठून, हे येथे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. दक्षिणेकडील व्हाल व्हर्दे खोऱ्यात निघणाऱ्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण पुष्कळ होते. शुद्धीकरणाच्या कारखान्यांत तो वेगळा काढून हवेत सोडून देत असत. तो त्याज्य वायू गोळा करून, दाबून, सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या नळवाहिनीने स्करी परगण्यात नेण्यात आला. या विद्येच्या पहिल्याच मोठ्या प्रयोगात एकीकडे निरुपयोगी ठरलेला वायू दुसरीकडे काढणे अशक्य ठरलेल्या तेलाच्या कामी आला, ही गोष्ट मला तिच्या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

पुढे मात्र या धंद्याने निराळे वळण घेतले. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले, अधिक तेल काढणाऱ्यास करांत सवलती मिळू लागल्या, आणि कारखान्यांचा वायू अपुरा पडल्याने कोलोरॅडोतील मॅकेल्मो डोम, न्यू मेक्सिकोतील ब्राव्हो डोम अशा ठिकाणी भूगर्भात निसर्गतःच कोंडलेला कार्बन डायऑक्साइड विहिरी खोदून वर काढण्यात आला. १९८४ मध्ये सुरू झालेली कॉर्टेझ नळवाहिनी मॅकेल्मोचा वायू सुमारे आठशे किलोमीटर दूर पश्चिम टेक्ससला नेऊ लागली. धंद्याच्या हिशेबाने हे शहाणपणाचे होते. पण एका पाषाणात युगानुयुगे सुखरूप असलेला वायू उकरून दुसऱ्या पाषाणात भरण्यात धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या वायूचा एक कणही कमी होत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तुर्कस्तानातील बाती रामान येथे १९८६ पासून दोदानच्या नैसर्गिक साठ्यातील वायू जड, घट्ट तेलात सोडला जातो. तेथे संपूर्ण मिश्रण होत नाही, तेल केवळ पातळ होते, तरी उत्पादन वाढले. कारखान्यातून निघणारा वायू या कामी मोठ्या प्रमाणावर लागल्याचे एक ठळक उदाहरण २००० सालचे आहे. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा संस्थानात कोळशापासून वायू करणारा एक कारखाना आहे, त्याचा कार्बन डायऑक्साइड सरहद्द ओलांडून सुमारे ३२० किलोमीटरवरील कॅनडातील वेबर्न तेलक्षेत्रात जाऊ लागला, आणि खाली गेलेला वायू खालीच राहतो की नाही याची अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे तेथे तपासणी केली.

एक पिंप तेल जाळले असता सुमारे ४३० किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. ते पिंप काढताना खाली किती वायू कायमचा राहिला, आणि तो मुळात कोठून आणला होता, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर जमाखर्चाचा ताळा अवलंबून आहे. तेलाबरोबर वर येणारा वायू वेगळा करून पुन्हा खाली दाबतात, आणि प्रत्येक फेरीत त्यातील काही भाग पाषाणात अडकतो. म्हणून धुराड्याचा वायू वापरणे आणि खोदून काढलेला वायू वापरणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. या विद्येला सरसकट पर्यावरणाची तारणहार म्हणणे अथवा सरसकट ढोंग म्हणणे, दोन्ही मला अन्यायाचे वाटतात.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. तेल व नैसर्गिक वायू आयोगाची (पुढे महामंडळ झालेल्या ओएनजीसीची) स्थापना १४ ऑगस्ट १९५६ रोजी झाली. १९५८ मध्ये खंबायतजवळ आणि १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल लागले. मुंबईसमोरच्या समुद्राची पाहणी साठच्या दशकात रशियन जहाजाच्या साह्याने झाली, आणि जपानात बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या वेधनमंचाने १९७४ च्या फेब्रुवारीत, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हायचे तेल शोधून काढले. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. पुढे समुद्रतळावरून नळवाहिनी उरणला आली, आणि मीठ, मासे व भातशेती यांवर जगणाऱ्या त्या तालुक्याचे जीवन पालटून गेले. या तेलाबरोबर येणाऱ्या वायूतून अलिबागजवळच्या थळ येथे जे युरिया खत बनू लागले, त्यातही एक घटक म्हणून कार्बन डायऑक्साइड लागतोच. अमोनियाशी त्याचा संयोग होऊन युरिया होतो, आणि भीमाकाठच्या उसाच्या सरीत पडलेल्या खताच्या दाण्यातून तो पुन्हा मुक्त होतो.

मुंबई हायचा चुनखडकही स्करी परगण्यातील चुनखडकाप्रमाणेच लवकर दाब गमावू लागला. १९८४ मध्ये समुद्राचे पाणी गाळून, त्यातील प्राणवायू काढून, ते साठ्यात दाबण्यास प्रारंभ झाला. १९८९-९० मध्ये वर्षाला सुमारे दोन कोटी टनांचा उच्चांक गाठल्यानंतर उत्पादन घसरत गेले. २००० नंतर नव्या विहिरी व नवे मंच यांवर मोठा खर्च करून ती घसरण सावरण्यात आली, आणि २०२५ च्या आरंभी ब्रिटनच्या बीपी कंपनीची या क्षेत्रासाठी तांत्रिक साहाय्यक म्हणून निवड झाली. कार्बन डायऑक्साइडचा उपाय येथे सहजी का होत नाही हेही सांगितले पाहिजे. पाण्याशी मिळताच हा वायू सौम्य आम्ल होतो आणि साध्या पोलादाच्या नळ्या खाऊ लागतो, म्हणजे जुन्या विहिरींचे अस्तर बदलणे आले. वर आलेला वायू वेगळा करून पुन्हा दाबणारी अवजड यंत्रे समुद्रातील मंचावर बसवावयाची तर तेथे हातभर जागाही मोलाची. आणि एवढा वायू किनाऱ्यावरून समुद्रात नेणारी वाहिनी निराळीच हवी.

जमिनीवरच्या क्षेत्रांची गोष्ट वेगळी, आणि येथेच आपल्या किनाऱ्याचा या इतिहासाशी खरा संबंध जडतो. मुंबई हायनंतर लवकरच वसईच्या नावाने ओळखले जाणारे विस्तीर्ण वायुक्षेत्र समुद्रात सापडले. चिमाजी आप्पांनी जिंकलेल्या वसईचे नाव अशा रीतीने भूगर्भशास्त्राच्या दप्तरी दाखल झाले. त्या क्षेत्राचा वायू आंबट, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड व कार्बन डायऑक्साइड मिसळलेला. तो समुद्रतळावरून सुरतेजवळच्या हजिरा येथे नेऊन तेथे धुतात. गंधक वेगळे काढतात, शुद्ध वायू उत्तर हिंदुस्थानच्या खत-कारखान्यांकडे रवाना होतो, आणि वेगळा झालेला कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जात असे. अंकलेश्वरचे म्हातारे होत चाललेले तेलक्षेत्र हजिऱ्यापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. तेव्हा हजिऱ्याचा हा वायू अंकलेश्वरच्या वाळूथरात सोडावा अशी योजना ओएनजीसीच्या शास्त्रज्ञांनी या शतकाच्या पहिल्या दशकात मांडली, आणि अहमदाबादच्या तेलसाठा अभ्याससंस्थेत वायू-तेल मिश्रणाच्या चाचण्यांची विद्या आपल्या लोकांनी चांगली आत्मसात केलेली होती. तरीही ती योजना कागदावरच राहिली. नळवाहिनी, दाबयंत्रे आणि गंजरोधक नळ्या यांचा खर्च आधी करावा लागतो. तेल मात्र कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी वाढते. आणि हवेत सोडलेल्या वायूबद्दल तेव्हा कोणाला दंड नसल्याने तो न सोडल्याबद्दल कोणाच्या पदरात काही पडत नसे.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने शिल्लक तेलाच्या वसुलीस उत्तेजन देणारे धोरण जाहीर करून वाढीव तेलावरील उपकरात सूट देऊ केली. २०१९ च्या जुलैत बडोद्याजवळच्या कोयली शुद्धीकरण कारखान्याचा कार्बन डायऑक्साइड भडोच जिल्ह्यातील गंधार तेलक्षेत्रात नेण्याविषयी ओएनजीसी व इंडियन ऑइल यांच्यात सामंजस्याचा करारनामा झाला, आणि २०२२ मध्ये नीती आयोगाने या विषयावर सविस्तर अहवाल काढला.

या वायूचा अगदी शुद्ध झरा पाटसच्या दौंड तालुक्यासारख्या ऊसमुलखातही आहे. मळी वा रस आंबवून मद्यार्क करताना साखरेचा जवळजवळ निम्मा भार कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने उडून जातो. शंभर किलो मद्यार्कामागे सुमारे पंचाण्णव किलो वायू निघतो, आणि धुराड्यातील वायूप्रमाणे त्यातून नत्र वेगळा काढण्याची खटपट लागत नाही. लीड्समधील भट्टीच्या पिंपावर तरंगणारा हाच वायू पाण्यात मुरवून जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ मध्ये सोड्याचे पाणी केले होते. अमेरिकेच्या कॅन्सस संस्थानात लिबरल गावाजवळच्या मक्याच्या मद्यार्क कारखान्यातून २००९ च्या सुमारास असा वायू टेक्ससमधील बुकर येथील जुन्या तेलक्षेत्राकडे जाऊ लागला. इंधनासाठी मद्यार्काची मागणी वाढत असताना आपल्या जिल्ह्यातील अर्कशाळांचाही विचार कोणाच्या मनात येईल. परंतु पाटस ते अंकलेश्वर हे अंतर सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या घरात आहे, वाटेत डोंगररांगा आहेत, आणि अर्कशाळा लहान व विखुरलेल्या आहेत. येथील वायूचा उपयोग सोडा, अग्निशामक आणि कोरडे बर्फ यांसाठी होणे अधिक सयुक्तिक दिसते.

यास्तव, आरंभ कोठे व्हावा असे कोणी विचारले तर माझे मत हजिऱ्याच्या बाजूचे पडते. स्करी परगण्यातील मंडळींनी १९७२ मध्ये जो वायू वापरला तो याच जातीचा, नैसर्गिक वायू धुताना निघालेला होता, आणि त्यांना तो साडेतीनशे किलोमीटर वाहून न्यावा लागला. वसईच्या समुद्रातून आलेल्या वायूला अंकलेश्वर गाठण्यास त्याचा पाचवा हिस्सा वाट पुरते. ओएनजीसीच्या कपाटातील ती जुनी योजना नव्या भावांनी, नव्या करसवलतींनी आणि वायू हवेत सोडण्याच्या किमतीसह पुन्हा एकदा हिशेबास घ्यावी, आणि तो हिशेब लोकांपुढे ठेवावा.